पूल वाहतुकीस बंद आहे

'पूल वाहतुकीस बंद आहे' ही पाटी आपल्या राज्यात कुठेही पाहावयास मिळते. नवा उंच पूल झाला म्हणजे शेजारचा जुना बुटका पूल एके दिवशी निवृत्त होतो. त्याच्या तोंडाशी दोन दगड किंवा मातीचा एक ढीग टाकला जातो, पाटी लागते आणि पुढे त्या पुलाविषयी कोणी फारसे बोलत नाही. नाटकावर, कादंबरीवर, चित्रावर टीकालेख लिहिले जातात, पुलावर कोणी लिहीत नाही. वस्तुतः टीकेला पूल हा चांगला विषय आहे, आणि बंद पडलेला पूल तर त्याहून चांगला. चालता पूल आपल्याला दिसतच नाही. त्याच्यावरून जाताना आपले लक्ष पलीकडच्या गावाकडे, एस.टी.च्या वेळेकडे किंवा पोरांच्या भुकेकडे असते. त्याचे काम संपले म्हणजे मात्र त्याचा आकार प्रथमच नजरेत भरतो.

अशा ओस वास्तूंकडे पाहण्याच्या आपल्या दोन सवयी आहेत. पहिली उसाशाची. 'काय ते वैभव आणि काय ही दशा!' असे म्हटले की पाहणे संपले. दुसरी हिशेबाची. 'आता याचा उपयोग काय? पाडा आणि जागा मोकळी करा.' या दोन्ही सवयींत एक साम्य आहे. दोहोंतही समोरच्या वास्तूकडे पाहण्याचे कष्ट नाहीत. या लेखाचा हेतू तिसरी एखादी सवय लावता येते का, हे तपासण्याचा आहे.

उसाशाच्या सवयीचे उत्तम उदाहरण नगरकरांच्या घरातलेच आहे. शहराच्या पूर्वेस शहा डोंगरावर तीन मजली अष्टकोनी वास्तू उभी आहे. दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन तिथे जाण्याचा परिपाठ जुना. तिला सर्वजण 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. ती महाल नाही आणि चांदबिबीशी तिचा संबंधही नाही. निजामशाहीचा कर्तबगार वजीर सलाबतखान याची ती कबर आहे. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला लढविला आणि १६०० मध्ये तिचा घात झाला. ही कथा इतकी चटका लावणारी की लोकांनी डोंगरावरची सर्वांत सुंदर वास्तू तिच्या नावे करून टाकली. लोकांच्या प्रेमाची थोरवी मान्य केली, तरी टीकेच्या दृष्टीने हे वाचन चुकले आहे. एका कवीची कविता दुसऱ्याच्या नावावर छापावी आणि रसिकांनी डोळे टिपीत ती वाचावी, तसे हे झाले. ज्याने ती वास्तू मागे ठेवली त्याने काय केले, काय बिघडविले, काय घडविले, हा प्रश्नच मग उरत नाही.

बा. सी. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी सौंदर्याच्या मुळाशी लय मानली आणि संवाद, विरोध व समतोल ही तिची तीन तत्त्वे सांगितली. कवितेच्या बाबतीत त्यांच्या म्हणण्यावर वाद पुष्कळ झाले. परंतु ही तिन्ही तत्त्वे एखाद्या पुलाला लावून पाहिली, तर ती चपखल बसतात. कारण पुलात समतोल ही उपमा नसते, ती रोजची गरज असते. समतोल बिघडला तर कविता फार तर फसते, पूल मात्र कोसळतो.

या दृष्टीने पाहण्यासाठी आधी एका दूरच्या पुलाकडे वळू. कॅनडाच्या मध्यभागी सस्कॅचेवान नावाचा प्रांत आहे. नजर पोचेल तिथवर गव्हाची सपाट राने, मधून वाहणारी नॉर्थ सस्कॅचेवान नदी आणि तिच्या काठाजवळ बॉर्डन नावाचे लहानसे गाव. १९३० नंतर त्या प्रदेशावर दोन संकटे एकदम कोसळली. जगभरच्या मंदीने गव्हाचे भाव पडले आणि अवर्षणाने शेतातली माती वाऱ्यावर उडू लागली. आपल्याकडे ज्याला दुष्काळी काम म्हणतात, तशी कामे तिथल्या सरकारने काढली. त्यांपैकी एक म्हणजे नावेच्या जागी बांधलेला बॉर्डनचा काँक्रीटचा पूल. तो १९३६-३७ च्या सुमारास उभा राहिला. त्याचा आराखडा सी. जे. मॅकेंझी यांचा. ते सस्कॅचेवान विद्यापीठात अभियांत्रिकीचे प्रमुख होते आणि पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे अध्यक्ष झाले.

हा पूल धनुष्याच्या जातीचा आहे. साध्या कमानीच्या पुलात कमान रस्त्याखाली असते आणि तिचा रेटा दोन्ही बाजूंच्या भक्कम खांबांवर जातो. इथे कमान रस्त्याच्या वर उचललेली असते आणि रस्ता तिला उभ्या दांड्यांनी टांगलेला असतो, जसा माजघरात कड्यांना झोपाळा. कमानीची दोन्ही टोके बाहेर फाकू पाहतात. त्यांना फाकू न देण्याचे काम रस्त्याच्या पातळीवरची आडवी तुळई करते, म्हणजे धनुष्याची दोरी. काँक्रीट दाब सोसते, परंतु ताण आला की भेगाळते, म्हणून जिथे ताण आहे तिथे त्याच्या पोटात पोलादी सळया असतात. कमानीत दाब, दोरीत ताण आणि दोन्ही एकमेकांना जखडून उभी. विरोधातून समतोल कसा साधतो, हे विद्यार्थ्याला फळ्यावर समजावण्यापेक्षा या पुलाखाली उभे करून दाखविणे सोपे. त्यात नक्षी नाही की पुतळे नाहीत. एकामागून एक उठणाऱ्या कमानींची जी लय दिसते ती डौलासाठी आणलेली नाही, हिशेबातूनच निघाली आहे.

१९८५ साली शेजारी नवा पूल झाला आणि जुना वाहनांना बंद करण्यात आला. नवा पूल रुंद आहे, सपाट आहे, गाडीवानाला सोयीचा आहे. त्याच्याविषयी सांगण्यासारखे एवढेच. जुन्याचे काँक्रीट मात्र झिजते आहे. त्या भागात जमिनीतल्या व पाण्यातल्या सल्फेट क्षारांमुळे काँक्रीट कुजण्याचा प्रश्न फार जुना. त्याच विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ थॉर्बर्गर थॉर्व्हाल्डसन यांनी पहिल्या महायुद्धानंतर या प्रश्नावर वर्षानुवर्षे संशोधन केले आणि त्यातून सल्फेटला दाद न देणारे सिमेंट निघाले. क्षारपड जमिनीचा अनुभव असलेल्या नगर जिल्ह्यातल्या ऊसकऱ्याला ही गोष्ट परकी वाटू नये.

मॅकेंझी यांचा याच काळातला आणखी एक काँक्रीटचा पूल आहे, सस्काटून शहरातला ब्रॉडवे पूल. तोही मंदीतल्या बेकारांच्या हातांनी बांधला गेला आणि १९३२ साली खुला झाला. तो आजही चालू आहे, आणि बॉर्डनचा ओस पडला आहे. आराखडा करणारा एक, साहित्य एक, संकट एक, पण नशीब दोन. शहरातल्या पुलाची डागडुजी करणे शहराला भाग पडले, रानातल्या पुलाला तसे कोणी उरले नाही. तेव्हा वास्तू ओस पडते ती नेहमीच तिच्या दोषाने पडते असे नव्हे. हे ध्यानात ठेवून आता नगरला येऊ.

शहराच्या आग्नेयेस, छावणीच्या अंगाला, फराहबाग आहे. एका तळ्याच्या मधोमध बांधलेला हा अष्टकोनी, दुमजली महाल मुर्तजा निजामशहाच्या काळातला, १५८३ मध्ये पुरा झालेला. तळ्यात आता पाणी नाही. काठावरून मधल्या वास्तूकडे जाताना आपण पाण्यावरून नव्हे, गवतातून जातो, आणि तरीही पाय नकळत जपून पडतात. मध्ये घुमटाखालचे उंच दालन, चहूंकडे मोठ्या कमानी, त्यांच्या पोटात लहान कमानी. संवाद म्हणतात तो हा, एकच आकार लहानमोठ्या पट्टीत पुन्हा पुन्हा उच्चारलेला. चौरस दालन आणि अष्टकोनी भिंती यांच्या जुळणीत जे कोपरे उरतात, तिथे बांधणाऱ्याची खरी परीक्षा होती, आणि तो तिथे उतरला आहे.

परंतु फराहबागेला एक वैगुण्यही आहे आणि ते स्पष्ट बोलले पाहिजे. त्याच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या आहेत आणि त्यांवर चुन्याच्या गिलाव्याचे थरावर थर चढविलेले आहेत. सारी नजाकत त्या गिलाव्यात आहे. गिलावा होता तोवर महाल गोरा दिसत असला पाहिजे. तो गळाला तिथे आतली घाईची दगडी भरड उघडी पडली. डोंगरावरची सलाबतखानाची कबर दगडाच्या बळावर उभी आहे. फराहबाग बरीचशी कातडीच्या बळावर उभी होती. म्हणजे तिचे आजचे रूप ही केवळ काळाची क्रूरता नाही, बांधणीच्या निवडीचाही तो परिणाम आहे. उसासा टाकणारा हे पाहत नाही.

या महालाच्या जन्माची एक हकिकत जुन्या ग्रंथांतून येते. आधी न्यामतखान नावाच्या सरदाराने इथे एक महाल बांधला. तो राजाच्या पसंतीस उतरला नाही, किंवा उतरू दिला गेला नाही. दरबारातल्या चढाओढीत तो पाडला गेला आणि त्या जागी सलाबतखानाने आजचा महाल उभा केला. नापसंतीचा अभिप्राय म्हणून बांधकामच जमीनदोस्त करायचे, ही टीकेची पद्धत भलतीच खर्चिक म्हटली पाहिजे. पहिला महाल कसा होता, हे सांगायला आज कोणी नाही. या दुसऱ्या महालावरही काळ हळूहळू तोच अभिप्राय देत आहे आणि आपण तो मुकाट्याने मान्य करीत आहो.

आता याच राज्यातले, याच दशकातले दुसरे बांधकाम पाहा. कोकणात नागोठण्याजवळ अंबा नदीवर एक दगडी कमानींचा पूल आहे. १५८० च्या सुमारास चौलच्या काझी अल्लाउद्दीनने तो बांधला आणि त्याला त्या काळचे तीन लक्ष रुपये लागले, असे सांगतात. चौलचे बंदर निजामशाहीचे, आणि घाटावरच्या नगरला समुद्राकडे जाण्याची वाट याच मुलुखातून. पूल अरुंद आहे, समोरासमोरून दोन गाड्या आल्या तर एकीला थांबावे लागावे इतका. कमानी एकसारख्या, अंग दगडी, शोभा अशी काही नाही. महामार्गाचा भार आता दुसऱ्या पुलावर गेला आहे. परंतु अंबेचे पूर ज्याने पाहिले असतील त्याला कळेल, की चारशे चाळीसहून अधिक पावसाळे त्या नदीत पाय रोवून उभे राहणे म्हणजे काय असते.

राजाचा महाल आणि काझीचा पूल ही जोडी शेजारी ठेवली म्हणजे एक सोपा निष्कर्ष जिभेवर येतो. विलासासाठी बांधले ते पडले, लोकांसाठी बांधले ते टिकले. दिवाळीच्या फराळाबरोबर हा बोध गोड लागेल, पण तो खरा नाही. सलाबतखानाची कबर लोकांसाठी बांधलेली नव्हती, तरी ती टिकली. बॉर्डनचा पूल लोकांनी लोकांसाठी बांधला, तरी तो ओस पडला. टिकण्याचा संबंध हेतूच्या पावित्र्याशी नाही. तो दोन गोष्टींशी आहे, बांधणीच्या खरेपणाशी आणि नंतरच्या हातांशी.

नंतरच्या हातांची गोष्ट सांगायला नगर तालुक्यातले भातोडीचे तळे पुरेसे आहे. तेही सलाबतखानाच्याच काळातले. १६२४ साली इथे मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला. त्या वेळी त्याने तळे फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला, हे इतिहासात प्रसिद्ध आहे. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. युद्धाने तळे मोडले आणि ते पुन्हा दुरुस्त झाले ते १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाच्या दिवसांत. त्याच दुष्काळात धोंड-मनमाड रेल्वेच्या मातीकामावर भुकेली माणसे राबली आणि १८७८ साली गाडी सुरू झाली. पुढे १९७२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातल्या बायाबापड्यांनी खडी फोडली आणि पाझर तलावांचे भराव घातले. आजही अनेक घरांत आजी नातवाला त्या दिवसांतल्या सुकडीची गोष्ट सांगते. बॉर्डनच्या पुलाखाली उभे राहणाऱ्या नगरकराला म्हणून परके वाटायचे कारण नाही. त्या कमानींत ओतलेले काँक्रीट आणि आपल्या भरावांवर टाकलेली माती एकाच मजुरीची आहे. या जिल्ह्याला २०२४ साली ज्यांचे नाव मिळाले, त्या चोंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींची कीर्तीही राजवाड्यांपेक्षा घाटांवर आणि विहिरींवरच अधिक उभी आहे.

इतके म्हटल्यावर हिशेबी माणसाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, कारण त्याच्या बाजूला एक भयंकर पुरावा आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. तो पूल जुना होता आणि चालू होता. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल सुटीच्या गर्दीखाली कोसळून चौघे दगावले. तिथे धोक्याची सूचना होती. लोक नदी पाहायला गेले होते आणि पुलावर उभे राहिले होते, एवढाच त्यांचा अपराध. या दोन घटना वाचल्यावर जुन्या पुलाच्या सौंदर्याविषयी लिहिणाऱ्याची लेखणी क्षणभर थबकलीच पाहिजे.

परंतु या घटना नेमके काय सिद्ध करतात? जुने ते सारे पाडावे, असे नव्हे. त्या इतकेच सांगतात की पुलाचे वाचन वेळेवर झाले नाही. कुठला दगड सुटला, कुठली सळई गंजली, खांबाच्या पायाखालची वाळू किती गेली, हे जो वाचतो तो अभियंता आणि कमानीची लय वाचतो तो टीकाकार. हे दोघे परस्परांचे वैरी नाहीत, त्यांचा पहिला धडा एकच आहे: समोर आहे ते नीट पाहा. सावित्रीच्या पुलाला वेळीच निवृत्त केले असते तर तो त्याचा अपमान झाला नसता. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेण्यात अनादर नसतो. पाटी उतरवून त्याला घराबाहेर काढले, तर मात्र असतो. आपले नेमके हेच चुकते. जोवर चालतो तोवर पुलावर वजन लादीत राहायचे, आणि थकला की त्याला विसरायचे. मधली, निवृत्तीची अवस्था आपण शिकलेलोच नाही.

कुटुंबातल्या वाचकांना म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सांगावीशी वाटते. सुटीत मुलांना घेऊन ओस वास्तू जरूर पाहा, पण बंद केलेल्या पुलावर चढू नका. पूल वरून दिसतही नाही. तो दिसतो काठावरून, बाजूने आणि थोडा खालून. तिथे मुलाला विचारा, 'हा खाली का पडत नाही?' मूल काही तरी उत्तर देईल, ते बहुधा चुकीचे असेल, आणि तिथून गोष्ट सुरू होईल. धनुष्य, दोरी, झोपाळा, दाब, ताण. फराहबागेत गेलात तर कोळशाने आणि खिळ्याने कोरलेली नावे दिसतील. त्यांत आपले नाव घालण्याऐवजी मुलाला कमानींत लहान कमानी मोजायला लावा. आणि शहा डोंगरावर गेल्यावर ही कबर कोणाची, ते एकदा तरी खरे सांगा. चांदबिबीची कथा त्यामुळे कमी होत नाही. तिच्यासाठी खाली किल्ला आहे, तिने लढविलेला.

ओस वास्तूच्या टीकेने तीन गोष्टी मागाव्यात, असे मला वाटते. पहिली, तिला तिचे खरे नाव आणि साल मिळावे. दुसरी, तिच्या अंगात किती जीव उरला आहे, हे तज्ज्ञाने दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाहावे. तिसरी, ती चालत नसेल तरी तिची डागडुजी व्हावी. गिलाव्याचा पुढचा थर गळण्याआधी चुन्याचा एक हात द्यावा, कमानीच्या सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोप लहान असतानाच उपटावे. पिंपळ उपटायला पुराणवस्तू खात्याचे पदवीधर लागत नाहीत, वेळेवर पाहणारे डोळे लागतात. तो एकदा मोठा झाला की भिंत त्याची होते.

या तिन्ही गोष्टींना पैसा लागतो आणि जिल्ह्यात पैशाची निकड असणारी कामे पुष्कळ आहेत, हा आक्षेप येणार. तो खोटा नाही. गावाला प्यायला पाणी नसताना महालाला चुना कशाला, असे कोणी विचारले तर त्याला हसण्यावारी नेता येत नाही. परंतु भातोडीचे तळे हेच त्याला उत्तर आहे. अडीचशे वर्षे मोडके पडलेले ते बांधकाम एका दुष्काळात पुन्हा उपयोगी पडले, कारण त्याची जागा आणि त्याचा बांध कोणी पुरता पुसून टाकला नव्हता. कोणती जुनी वास्तू कधी काय देईल, हे आधी सांगता येत नाही. फराहबाग बहुधा पाणी देणार नाही. पण चुना, दगड आणि कमान यांचा मेळ कसा घालावा आणि कुठे तो फसतो, हे शिकायला जिल्ह्यातल्या एखाद्या मुलाला ती पुरेल. त्यासाठी ती आधी उभी असली पाहिजे.